करणारा टेबलाशी बसला असेल तर

बाबांच्या मित्रमंडळींचा नियम एकच होता. जो टेबलाशी बसला आहे, त्याने केलेली वाइन त्या टेबलावर आणायची नाही. त्याने स्वतः आणायची नाही आणि दुसऱ्या कुणी तर नाहीच नाही. समोर बसलेल्या माणसाच्या वाइनबद्दल कुणी खरं बोलत नाही, आणि जिभेला एकदा खोट्याची सवय लागली की ती काही कामाची राहत नाही, असं उगेट म्हणायची. आमच्या शेजारचा मळा तिचा. बाबांशी बांधावरून भांडण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

एरवी सगळी मोकळीक होती. जूनमध्ये वेलींचा फुलोरा संपला की रोझलीनच्या रेस्तराँमध्ये, कालव्याकडच्या खिडकीजवळच्या टेबलावर ते जमायचे. प्रत्येकाने एक बाटली आणायची, मोज्यात घालून, म्हणजे लेबल दिसत नाही. चाखून ती कुठली, कुठल्या वर्षीची, कुणाच्या हातची ते सांगायचं. ज्याने आणली त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड मिटून बसायचं. बाबा या जेवणाला इतकी वर्षं जात होते, की जून म्हटलं की मला उन्हाळा न आठवता त्यांचा लोकरीचा मोजा आठवायचा.

बाबा फेब्रुवारीत गेले. मे संपता संपता उगेटचा फोन आला.

"गुरुवारी रोझलीनकडे. बाटली आण. मोजा विसरू नकोस."

"मी?"

"खुर्ची रिकामी राहिली तर फ्युल्बेर तिच्यावर आपला कोट टाकतो. मला बघवत नाही. ये तू."

कुठली बाटली न्यायची याचा मला विचार करावा लागला नाही. ती तळघरात, भिंतीला लावून रचलेल्या बिनलेबलाच्या बाटल्यांमध्ये होती. आमच्या रुली गावात बाटल्या अशाच उघड्या पडून असतात. लेबल लागतं ते विकायच्या वेळी. आता ती वेळ आली होती. शालों शहरातल्या छापखान्यातून दोनदा विचारणा झाली होती. "नेहमीसारखंच ना, मादाम? 'आन्सेल्म कुर्दिए, रुली'?" दोन्ही वेळा मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगते.

त्या लेबलावर बाबांचं नाव शेवटचं एकदा यावं असं मला फार वाटत होतं. पण ती वाइन त्यांची होती का, हे मला ठाऊक नव्हतं.

ती आदल्याच्या आदल्या वर्षीच्या तोडणीची. त्या उन्हाळ्यात बाबांवर उपचार सुरू झाले आणि औषधांनी त्यांची चव गेली. वास तर त्याआधीच गेला होता. मी लिओंमध्ये साहित्य शिकवते. रजा काढून आले. सकाळ-संध्याकाळ हौदातून, जिथे रस द्राक्षांच्या सालींसकट आंबत होता, पेलाभर वाइन काढायची, जिन्याने वर त्यांच्या खोलीत न्यायची, त्यांच्यासमोर चाखायची आणि कशी लागते ते सांगायचं, हे माझं काम. पहिल्या दिवशी मी पावसानंतरच्या रानाबद्दल काहीतरी बोलले.

"पुस्तकातलं राहू दे," बाबा म्हणाले. "जीभ कोरडी पडते का? कुठे, टोकाला की मागे? गिळल्यावर किती वेळ टिकते?"

मी शिकले. दोन आठवड्यांत मी उपमा द्यायचं सोडून दिलं. बाबा डोळे मिटून ऐकायचे, मग सांगायचे, साली वरखाली कर, आज नको, आज झाकून ठेव. एका सकाळी मी चाखलं आणि त्यांनी विचारायच्या आत म्हणाले, "आज सालींवरून काढावी."

बाबांनी डोळे उघडले. "माझ्यावर असतं तर आणखी चार दिवस ठेवली असती."

"मग ठेवू या."

"नको. जीभ तुझी आहे. काढ."

मी काढली. वर्षभर ती पिंपात राहिली, मग बाटल्या भरल्या. बाटल्या भरायच्या यंत्राचा आवाज त्यांनी पलंगावरून ऐकला. पेला हातात घेतला, खिडकीकडे धरून रंग पाहिला आणि परत दिला. चांगली आहे की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता आणि मला सांगायचं धाडस नव्हतं.

वाइन वाईट असेल, तर ती त्यांच्या नावावर खपवणं मला जमणार नव्हतं. नको म्हणायला ते आता नव्हते. खरं सांगू शकतील अशी माणसं त्या एकाच टेबलाशी होती. आणि माझ्याकडे बघून तीही खरं बोलणार नाहीत, म्हणून मोजा हवा होता. नियम मोडतोय का, हे मी मनाशी तपासून पाहिलं. करणारा टेबलाशी नव्हता. म्हणजे नाही.

*

रोझलीनने स्वयंपाकघराच्या दारातच बाटल्या घेतल्या. बूच काढून, वास घेऊन क्रम ती ठरवते, आणि तो का म्हणून तिला कुणी विचारत नाही. बाहेर अजून लख्ख उजेड होता. कालव्यावरून एक बोट माणसाच्या चालीने सरकत होती.

"फ्युल्बेर, तुझ्या मोज्याला भोक आहे," उगेट म्हणाली. "लेबल दिसतंय."

"भोकातून लेबल वाचता येत असेल तर तुला चष्मा लागलाच कशाला?" फ्युल्बेर म्हणाला. तो गुरांचा डॉक्टर. निवृत्त झाला तरी हात अजून गाय तपासल्यासारखे हलतात. मला त्याने दोन्ही गालांवर मुका दिला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ खांदा धरून ठेवला. गिलँ आधीच बसला होता. तो पिंपं बांधायचा. हातोड्याच्या आवाजाने एक कान गेलेला, त्यामुळे तो नेहमी कोपऱ्यात, ऐकू येणारी बाजू टेबलाकडे करून बसतो. त्याने फक्त मान हलवली आणि बाबांची खुर्ची पायाने माझ्याकडे ढकलली.

पहिली बाटली पांढरी निघाली. सोबत रोझलीनचे चीज घातलेले, फुगलेले छोटे गरम पाव होते. कुणी त्यांना हात लावला नाही. मी लहानपणी हे दुरून पाहिलं होतं, पण त्यांच्यात बसून पाहण्याची ही पहिलीच वेळ. तिघंही एकदम म्हातारी दिसेनाशी झाली. उगेटने पेल्यात नाक घातलं आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. गिलँने घोट घेऊन तो चावला, अगदी घास चावावा तसा.

"ओकचं लाकूड. जुनं. पिंप पूर्ण भरलेलं नव्हतं," तो म्हणाला. "पुढचं मला कळत नाही."

हे वाक्य त्या संध्याकाळी मी पुष्कळदा ऐकलं. जिथपर्यंत कळतं तिथपर्यंत ठामपणे जायचं आणि जिथे कळत नाही तिथे थांबून तसं सांगायचं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

"अक्रोड," उगेट म्हणाली. "आंबटपणा थंड डोंगरातला. ज्युरा. आणि दर वर्षी बहिणीच्या गावची वाइन आणून परीक्षा घेतल्यासारखा बसणारा माणूस या टेबलाशी एकच आहे."

"दर वर्षी नाही," फ्युल्बेर म्हणाला.

"मागल्या वर्षी?"

"मागल्या वर्षी मेव्हण्याच्या गावची होती."

दुसरी लाल होती. तिच्याबरोबर रेड वाइनच्या रश्श्यात सोडलेली अंडी आली. मी पेला उचलला आणि तोंडापर्यंत नेण्याआधीच थांबले. सुकलेल्या चेरीचा वास, त्यामागे चामडं, त्यामागे ओल्या दगडाचा गारवा. हा वास आमच्या तळघराच्या जिन्याला होता. बाबांच्या स्वेटरलाही. 'ला रोश', आमचा चढावरचा मळा, बाबांनी केलेली, जुनी.

मी वर पाहिलं. तिघंही पेल्यात बघत होती.

"जिव्री?" फ्युल्बेर म्हणाला. "जिव्रीच वाटते."

"किंवा सांतने," उगेट म्हणाली. "जरा खालच्या बाजूची."

गिलँ काही बोलला नाही. म्हणजे बाटली त्याची होती.

फ्युल्बेरने एकदा या टेबलावर डोळ्यांवर रुमाल बांधून दोन लागून असलेल्या मळ्यांतला फरक सांगितला होता. बाबा ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. तो फ्युल्बेर आता तीन गावं बाजूला नेम धरत होता. उगेट तर या मळ्याच्या बांधावर लहानाची मोठी झालेली. माझ्या वाट्याचं दुःख चुकवायला ही माणसं चुकीचं बोलत होती, आणि त्यांना ते अजिबात जमत नव्हतं.

"बाबांची आहे," मी म्हणाले.

अंड्यांवर साय धरायला लागली होती. गिलँने घसा साफ केला.

"तो आता टेबलाशी नाही," तो म्हणाला. "म्हणून आणली. आता आणता येते."

इतकी वर्षं ते बाबांबरोबर प्यायले होते आणि बाबांची वाइन या टेबलावर एकदाही आली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"गाढवा," उगेट म्हणाली.

"का? नियमात बसतं."

"बसतं रे. पण मीही तीच आणलीय!"

फ्युल्बेर इतका हसला की त्याला रुमाल काढावा लागला, आणि मग तो बराच वेळ त्या रुमालात होता. "मलाही सुचलं होतं," तो म्हणाला. "पण म्हटलं, तुम्ही दोघं तीच आणाल. कुणीतरी पांढरी आणायला नको?"

"मग आता बोला," मी म्हणाले. "खरं काय ते. जिव्रीबिव्री बास झालं."

उगेटने माझ्याकडे नीट पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच, असं मला वाटलं. मग तिने मोठा घोट घेतला.

"कडक," ती म्हणाली. "कायमच कडक होती. तो सालींवर फार ठेवायचा. शेजारून मी ओरडून सांगायची, अरे काढ आता! तर म्हणायचा, तू तुझं बघ."

"आन्सेल्मची वाइन पिणं म्हणजे सासऱ्याबरोबर जेवणं," फ्युल्बेर म्हणाला. "पाठ ताठ ठेवावी लागते. पण घरी परतताना वाटतं, माणूस चांगला आहे."

"माझं पिंप नवं असताना त्यात तो पांढरी ठेवायचा," गिलँ म्हणाला. "चार वर्षांनी त्यातला माझ्या लाकडाचा सगळा वास गेला, की मग ला रोश. सांगा, हा अपमान नाही?"

"त्याला लाकूड नको होतं," उगेट म्हणाली.

"ठाऊक आहे. बरोबर होतं त्याचं. अपमान तो अपमानच."

उगेटचं ओरडणं सोडलं तर बाबा हयात असताना यातलं काही त्यांच्या कानावर गेलं नाही. त्यांची पाठ फिरल्यावर ते असं बोलत असतील का, मला माहीत नाही, बहुधा नसतील. आता ते एकाच पेल्यावर डोकी वाकवून भांडत होते, शेवट थोडा कडवट आहे की नाही यावर, आणि बाबांबद्दल इतकं चांगलं मी दफनाच्या दिवशीही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी सगळे नुसतं चांगलं बोलले होते.

तिसरी बाटली उगेटची. कधीतरी बांधावरून मोठं भांडण झाल्यावर बाबांनी ती तिच्या दारात ठेवली होती, बरोबर ना चिठ्ठी ना काही. तिने ती फोडली नव्हती. "राग जायची वाट बघत होते," ती म्हणाली. या वाइनचा कडकपणा सगळा विरघळला होता. ती जिभेवरून गेली आणि गेल्यावरही राहिली. कोरडेपणा कुठे, किती वेळ, मी सवयीने मोजत होते, आणि मग मोजायचं सोडून दिलं. गिलँने पेला टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर हात पालथा घालून बसला, कुणी चुकून पाणी ओतू नये म्हणून.

"एवढी मऊ झाली," उगेट म्हणाली, "आणि बघायला म्हातारा नाही."

या दोन बाटल्यांनंतर माझी येणार होती. ती तिथून उचलून घरी न्यावी असं मला वाटलं. पण रोझलीन दारात होती आणि तिच्या हातात बाबांचा करडा मोजा होता.

पेले भरले गेले. रंग उजळ होता. आधीच्या दोन्हींच्या शेजारी तो जरा लाजिरवाणा दिसत होता. मी तोंड मिटून बसले. आता तो माझा हक्कच होता.

"लाकूड माझं," गिलँ म्हणाला. "पाचव्यांदा भरलेलं पिंप." म्हणजे तळघर कुठलं ते त्याला कळलं होतं. त्याने माझ्याकडे न पाहता आपला ऐकू येणारा कान उगेटकडे वळवला.

फ्युल्बेरने दोनदा चाखलं. "दगड तोच आहे," तो हळू म्हणाला. "ला रोश. तरुण. आन्सेल्म, पण..." तो हात हवेत फिरवत राहिला. "पण त्या दिवशी सकाळी त्याची झोप चांगली झाली होती म्हणा. रागात नव्हता."

'आन्सेल्म' म्हणाला होता तो. तेवढंच मला हवं होतं. उद्या छापखान्याला कळवायचं, नेहमीसारखंच.

उगेट अजून बोलली नव्हती. तिने वास घेतला, घोट घेतला, खिडकीबाहेर पाहत राहिली. पुन्हा घोट घेतला. मग पेला खाली ठेवून तो दोन बोटांनी स्वतःपासून दूर सारला.

"मी बोलणार नाही," ती म्हणाली. "ही बाटली नियमात बसत नाही."

"का?" फ्युल्बेरने विचारलं.

"करणारा टेबलाशी बसलाय."

"अगं, पण आन्सेल्म तर..."

"आन्सेल्मने ही आणखी चार दिवस सालींवर ठेवली असती. फुकट का मी तीस वर्षं ओरडले? मेला असता पण लवकर काढली नसती." तिने माझ्याकडे पाहिलं. "कुणी काढली?"

खोटं बोलायची जागा ती नव्हती. "मी."

"त्याला विचारून?"

"विचारून. ते म्हणाले, जीभ तुझी आहे."

"झालं तर मग."

"पण चांगली आहे का?" माझा आवाज मला हवा होता त्याहून मोठा निघाला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने वळून पाहिलं. "उगेट, मला तेवढंच सांग. लेबल छापायचंय. त्यांचं नाव घालायचंय मला. पण ही खराब असेल तर नाही घालणार."

"नियम म्हणजे नियम. तू इथे बसलीयेस. मी तुझ्या तोंडाकडे बघत खरं सांगू शकेन? मघाशी सांतने म्हणाले मी! सांतने!"

फ्युल्बेर टेबलक्लॉथवरचे पावाचे कण गोळा करत होता. बाबांची बाटली समोर असताना माझ्या दुःखाला जपून ते खोटं बोलले होते. माझ्या बाटलीपुढे बसून ते काय बोलणार होते?

मी नॅपकिन ठेवला आणि उठले.

"कुठे निघालीस?" फ्युल्बेर म्हणाला.

"बाहेर. मी टेबलाशी नाही आता. बोला."

*

मागच्या दाराबाहेर फरसबंद अंगण आहे आणि पलीकडे कालवा. सूर्य डोंगरामागे टेकत होता आणि उजेड सगळा पाण्यावरून येत होता. मी भिंतीला टेकून उभी राहिले. तिथून खिडकी दिसते, आवाज येत नाही.

आधी काहीच झालं नाही. तिघंही आपापल्या पेल्यात होती. मग उगेट काहीतरी म्हणाली, थोडक्यात. गिलँने मान हलवली, नाही म्हणून. फ्युल्बेर पुढे झुकला, तळहात उलटा करून काहीतरी उकलून सांगू लागला. उगेटने त्याला मध्येच तोडलं. गिलँ, जो जेवणभर दहा वाक्यं बोलतो, तो बोलत होता, आणि बोलता बोलता त्याने बोट टेबलावर आपटलं. उगेटने बाटली ओढून घेतली, मोजा काढून फेकला, उघड्या काचेतून वाइन उजेडात पाहिली, सगळ्यांना पुन्हा ओतली, आणि मग तिघंही एकदम बोलायला लागली. फ्युल्बेर लाल झाला होता. त्याने हाताने काहीतरी तोडल्यासारखं केलं: शेवट आखूड आहे, असं तो म्हणत असावा. उगेट त्याच्या तोंडापुढे बोट नाचवत होती.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. फेब्रुवारीपासून सगळी माणसं माझ्याशी हलक्या आवाजात बोलत होती. दरवाजे हळू लावत होती. दयेपोटी कुणी कुणाच्या वाइनवरून असं भांडत नाही. आणि ज्या वाइनमध्ये काही नाही, तिच्यावरून तर नाहीच. तिच्यात दोष होता, कुणाला तो मोठा वाटत होता, कुणाला नाही. पण ते भांडत होते ते कुणा माणसाच्या कामाबद्दल, आणि तो माणूस बाबा नव्हते. बाबांच्या नावावर ती घातली असती, तर या भांडणातला एकेक शब्द त्यांना ऐकून घ्यावा लागला असता, त्यांनी न केलेल्या गोष्टीसाठी.

नेमकं काय बोलले ते मला कधीच कळणार नाही, हेही तेव्हाच कळलं. आता मी टेबलाशी बसणाऱ्यांपैकी होते. बाबांनाही कधी कळलं नव्हतं. तरी ते दर जूनमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून, दुसऱ्या कुणाची तरी चांगली बाटली मोज्यात घालून, खुशीत निघायचे.

रोझलीनने दारातून डोकं बाहेर काढलं.

"सोलेन, आत ये. चीज वितळून ताटलीतून पळायला लागलंय."

मी आत गेले. ती तिघं एकदम गप्प झाली, शिक्षक वर्गात शिरल्यावर मुलं होतात तशी. उगेटच्या गालावर रंग चढला होता. माझ्या पेल्यात कुणीतरी वाइन ओतून ठेवली होती.

"काय बोलत होतात?" मी विचारलं.

"भुरीबद्दल," उगेट म्हणाली. "वेलींना लागलीय यंदा."

"एवढ्या जोरात?"

"यंदा भुरी जोरातच आहे," फ्युल्बेर म्हणाला आणि चीज कापू लागला.

मी खुर्ची पुढे ओढून घेतली. "लेबलवर माझं नाव घालतेय."

गिलँने मान हलवली. फ्युल्बेरने सुरी हातात धरून उगेटकडे पाहिलं.

"घाल की मग," उगेट म्हणाली. "पाव दे इकडे. तुझ्या पलीकडे आहे, कधीची बघतेय मी."

मी टोपली तिच्याकडे सरकवली.